डांगरला चावायला काय द्यायचं?

अहो, तुमचं सुतक फिटायच्या आत मी आज घराबाहेर पडले. नुसती अंगणापर्यंत नाही, चांगली रिक्षा करून, पांझरेचा पूल ओलांडून पार गावात जाऊन आले, आणि तेही तुमच्या कुत्र्याला मांडीवर घेऊन. दारवर, दुखवट्याला आलेली माणसं ओट्यावर बसली होती, हातात चहाचे कप होते, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मी तरातरा निघाले. आपल्या देवपुराला आता बरेच दिवस बोलायला विषय झाला. तुम्हाला गोष्टीचा शेवट आधी ऐकायची खोड. पिक्चरच्या पाट्या संपायच्या आत कानाशी लागून विचारायचात, "हिरो मरस का वाचस?" आज मी आधी सांगणार नाही. डांगरचं काय झालं ते जिथे यायचं तिथेच येईल. तोवर ऐका.

लिहायला बसले ते मला बसवत नाही म्हणून. म्हणजे सतरंजीवर बसवत नाही. भिंतीकडच्या कोपऱ्यात माझी जागा ठरवून दिली आहे. येणाऱ्या बाया गळ्यात पडतात, रडतात, मग डोळे पुसून "कसं झालं हो एकाएकी" विचारतात आणि मी पुन्हा तेच सांगते. सांगून सांगून ते दुसऱ्याच कोणाचं तरी वाटायला लागलं आहे. मी उठते, गॅस बंद आहे का बघते, मागचं दार लावते, पुन्हा उघडते. कोणीतरी मला हाताला धरून परत आणून बसवतं. लिहिते आहे म्हटल्यावर मात्र कोणी अडवत नाही. मास्तरीण आहे, लिहू द्या, म्हणतात. हात हलता राहिला की जरा बरं वाटतं.

आणि तुमच्याबद्दल लोक जे बोलतात ना, ते ऐकून माझं डोकं फिरतं. "फार शांत माणूस." "शब्दाने कोणाला दुखावलं नाही." कोण? तुम्ही? लग्न झाल्यापासून एक दिवस तरी आपण वाद न घालता जेवलो का? पंखा किती वेगाने फिरवायचा, आमटीत गूळ घालायचा की नाही, पल्लवीला नाशिकला द्यायचं की जवळपास स्थळ बघायचं, सगळ्यावर झालं. मला त्या शांत माणसाबद्दल काही म्हणायचं नाही, मी त्याला ओळखत नाही. मला माझा भांडणारा माणूस हवा आहे. आणि आपलं शेवटचं, न संपलेलं भांडण कशावरून होतं, तर कुत्र्याला चावायला काय द्यायचं यावरून. हे मी येणाऱ्या बायांना कसं सांगू?

तुम्ही डांगरला कापसाच्या जिनमधून आणलंत तो दिवस मला लख्ख आठवतो. हंगाम संपत आला होता, तुमच्या शर्टाला, केसांना, भुवयांनासुद्धा कापसाची रुई चिकटलेली, आणि पिशवीतून काहीतरी कुंई कुंई करत होतं. मी म्हटलं, हे पिल्लू घरात येणार नाही. तुम्ही म्हणालात, "येनार नही म्हनजे? उनंच ना!" पोट गोल, रंग तांबूस, चालताना इकडून तिकडे लोळायचं. लाल भोपळ्याला आपण डांगर म्हणतो हे पुढे नाशिकच्या व्याह्यांना समजावून सांगावं लागलं, पण नाव तिथेच, उंबऱ्यावरच पडलं. मग डांगरला दात आले, आणि घरात दुसरं काही धड राहिलं नाही. बाजेचा पाय गेला, टीव्हीचा रिमोट गेला, पल्लवीच्या लग्नाच्या अल्बमचा कोपरा गेला. त्यात नेमका तिच्या सासूबाईंचा फोटो होता, आणि तुम्हाला त्या कुत्र्याचं जास्तच कौतुक वाटायला लागलं.

तुम्ही जिनचे फिटर. जन्मभर एकच प्रश्न सोडवत आलात, की कुठली वस्तू किती घासली तर किती झिजते. त्यामुळे उपाय तुम्हाला लगेच सापडला. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात जो रोलर असतो, त्याच्यावर चामड्याच्या जाड चकत्या दाबून बसवलेल्या असतात. झिजला की तो रोलर उतरवतात आणि चकत्या भंगारात जातात. त्यातल्या चार चकत्या तुम्ही खिशात घालून आणल्यात आणि डांगरपुढे टाकल्यात.

"पुरा हंगामभर कापूस ओढस, तरी टिकस," तुम्ही म्हणालात. "याना दातले काय भीक घाली?"

मी चकती हातात घेऊन वास घेतला. यंत्राचं तेल, धूळ आणि चामडं कमावताना लावलेलं काहीतरी उग्र. म्हटलं, हे पोटात गेलं तर? तुम्ही म्हणालात, "तो खास नही, चावस." मी म्हटलं, चावता चावता गिळतोच की. तुम्ही म्हणालात, "तू काय, कुत्राले बी परीक्षाले बसाडशी." झालं, त्या दिवसापासून आपले दोन पक्ष पडले.

मला आता खरं वाटत नाही की आपण त्यावर इतकं बोललो. सकाळच्या चहाला, बाजारात भाजी घेताना, पारोळ्याला लग्नाला जाताना एसटीत. तुमचं म्हणणं साधं होतं: जे झिजत नाही ते चांगलं. माझं म्हणणं असं की यंत्राला जे चांगलं ते जबड्याला चांगलं असेलच असं नाही. तुम्ही हसायचात. मग तुम्ही त्याला यंत्रातलं नायलॉनचं बुश आणून दिलंत, दगडासारखं कडक कडं. त्यावर दाताचा ओरखडासुद्धा उठत नव्हता, आणि तुम्ही ते मला उचलून उचलून दाखवत होतात. बुशला काही झालं नाही हे खरं. डांगरची वरची मोठी दाढ मात्र उभी चिरली.

जनावरांच्या डॉक्टरांकडे तुम्ही भिंतीवरच्या गाईम्हशींच्या तक्त्याकडे बघत उभे होतात. डॉक्टरांनी ती दाढ काढली आणि आपल्याला दोघांना समोर बसवून सांगितलं. चावायची वस्तू अशी हवी की अंगठ्याचं नख दाबलं तर थोडं रुतलं पाहिजे. नख रुतत नसेल तर एक दिवस दात तुटणार. पण इतकी मऊही नको की तिचे तुकडे निघतील. तोंडात पूर्ण मावणार नाही इतकी मोठी हवी, म्हणजे गिळता येणार नाही. दोऱ्याचं काही दिलं आणि सुटे धागे पोटात गेले तर आतडी गोळा होतात. शिजवलेलं हाड तर मुळीच नको, त्याची टोकं आत रुततात. आणि कितीही चांगलं असलं तरी समोर बसून द्या, झिजलं की फेकून द्या. मी मान हलवत होते. तुम्ही विचारलंत, "टिकाऊ काय मग?" डॉक्टर म्हणाले, "काका, वस्तू टिकण्यापेक्षा कुत्रा टिकायला हवा." घरी आल्यावर कितीतरी दिवस बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, अंगठ्याने गुठळ्या मोडून त्याला भरवत होतात, आणि मी जवळून गेले की असं दाखवत होतात की सहज बसला आहात. मला त्या वेळी तुम्हाला म्हणायचं होतं की असू द्या, होतं असं. मी म्हटलं नाही. तुम्हीही म्हटलं नाहीत. आपल्याकडे ती पद्धतच नव्हती.

मग मी रबराचं ते जाड, पोकळ खेळणं आणलं. तुम्ही हातात घेऊन नख दाबलंत, खूण उमटली, आणि तुम्ही तोंड वाकडं केलंत. "नख घुसस त्यामा! हाई काय टिकी?" मी म्हटलं, नख रुततं म्हणूनच तर घेतलं. "पैसा जास्त व्हई गयात मास्तरीनले," तुम्ही भिंतीला सांगितलंत. मी म्हटलं, दाताला स्पेअर मिळत नाही. यावर तुम्ही खदखदून हसलात, आणि मला वाटलं आता मानलंत. कसलं काय! चकत्या देणं थांबलं नाही. फक्त माझ्यासमोरचं थांबलं. मागच्या दारी मोटरच्या खोक्यामागे एका डब्यात त्या ठेवलेल्या असायच्या हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत होतं. त्या शेवटच्या सकाळी मी तो डबा बाहेर काढून म्हटलं, आज हे घंटागाडीत जाणार. तुम्ही चप्पल घालत होतात. "संध्याकाळले देखू," म्हणालात. नेहमीसारखं, मागे न बघता. मी डबा पुन्हा खोक्यामागे ठेवला. संध्याकाळी तुम्हाला हरवायचं म्हणून मी दिवसभर मुद्दे जमवत होते.

ती संध्याकाळ कशी झाली ते लिहीत नाही. ते रोज सांगतेच आहे.

डांगरला कोणी काही सांगितलं नाही. तो फाटकाशी जाऊन बसला, मग उठला, मग दिसेल ते चावायला लागला. दारवर येणारी माणसं चपला बाहेर काढतात. हा बरोबर एक उचलायचा, जोडी कधीच नाही. तुमच्या जिनमधल्या एका जुन्या सोबत्याला एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात पल्लवीची स्लीपर घालून परत जावं लागलं. आता सगळ्यांच्या चपला आपल्या स्वयंपाकघरात ओट्याखाली असतात. पल्लवीने फोनवरून खेळणी मागवली. दोरीचं आलं, त्याचे त्याने दुपारपर्यंत धागे केले, मी डॉक्टरांचं आठवून ते काढून घेतलं. दाबलं की वाजणारं बदक आलं. एक बाई माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होती आणि आतून बदक चीं चीं करत होतं. ती थांबली की बदक थांबायचं, ती सुरू झाली की बदक सुरू. मला हसू आलं, अहो. पदर तोंडावर घेतला म्हणून निभावलं. त्या हसण्यातच मला पहिल्यांदा खरं रडू आलं. मग मी आत जाऊन बदकाच्या पोटातली ती शिट्टी काढून टाकली, कारण नंतर त्याने ती गिळली असती. रबराचं चांगलं खेळणं त्याच्यासमोर तसंच पडून होतं. तो त्याला हुंगायचा आणि निघून जायचा.

हे सगळं अक्कांना सहन होईना. तुमच्या मोठ्या बहिणीला तुम्ही ओळखताच. साक्रीकडून आल्या तेव्हापासून त्या रडलेल्या नाहीत. भांडी घासतात. घासलेली पुन्हा घासतात. त्यांचा धाकटा भाऊ गेला आणि त्याच्या दारावर लोक कुत्र्याला हसतात, हे त्यांच्या मनाला फार लागलं. परवा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मना भाऊना दारवर लोक हासतस! गंधमुक्ती व्हयनी, सुतक फिटनं का मी हाऊ कुत्रा साक्रीले लई जासू. मळा शे, तठे बांधी दिसूत."

मी म्हटलं, अक्का, तो साखळीवर राहिलेला नाही कधी.

"मना भाऊनी बिघाडेल शे त्याले," त्या म्हणाल्या. "आते तू एकली. तुले कसं जमी?"

सगळ्यांनी माना हलवल्या. पल्लवीनेसुद्धा. आई, तू एकटी, एवढं मोठं कुत्रं, ते तुला ओढून पाडेल. त्यांना नाही, पण तुम्हाला सांगते. मला डांगर द्यायचा नाही. तुमचे कपडे देतील, तुमची सायकल कोणी नेईल, त्याचं मला काही वाटत नाही. पण संध्याकाळी फाटक वाजलं की अजून या घरात एकजण उठून धावतो. तो गेला तर फाटक वाजल्यावर उठणारी मी एकटीच उरेन, आणि ते मला जमणार नाही. म्हणून मला घाई झाली होती. गंधमुक्तीच्या आत तो काहीतरी धड चावायला लागला पाहिजे, लोकांच्या चपला सोडल्या पाहिजेत, म्हणजे अक्कांना बोलायला जागा राहणार नाही. त्या रबरी पोकळीत मी काय काय भरलं म्हणून सांगू! भाकरी, केळं, दही. तो वरचं चाटायचा आणि सोडून द्यायचा. मी त्याच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर हात उगारला, तर तो माझ्याच पायाशी येऊन बसला. काय करायचं अशाचं?

आज सकाळी तो मागच्या दारी उभा होता, मान खाली, पाठीची कमान, तोंडातून लाळेच्या तारा. ओकारी येत होती आणि बाहेर काही पडत नव्हतं. पाणी पुढे केलं तर तोंड फिरवलं. मोटरचं खोकं बाजूला सरकलेलं होतं आणि डबा आडवा पडलेला. एक चकती अर्धी होती. बाकीची अर्धी कुठे गेली ते विचारायची गरज नव्हती.

मी त्याला उचललं. मला वाटलं नव्हतं उचलता येईल. ओट्यावर आले तर दारात अक्का.

"सुतकमा कोठे चालनी?"

"डॉक्टरांकडे."

"लोक काय म्हनतीन?"

"म्हणू द्या."

माझा आवाज शाळेतला निघाला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. ओट्यावरची माणसं कप हातात धरून थबकली. अक्का हलल्या नाहीत. त्यांनी डांगरकडे बघितलं. तो त्यांच्याकडेच बघत होता, जीभ बाहेर, डोळे पांढरे. मग अक्कांनी पदर खोचला. "पुढला पाय मनाकडे दे," म्हणाल्या. "एकलीले कसं जमी? मी बी येस."

रिक्षावाला म्हणाला, कुत्रं नाही घेत. अक्का त्याच्यावर अशा धावून गेल्या, "तुना घरमा कधी कोनी मरेल नही का?" की तो बिचारा पांझरेच्या पुलापर्यंत माफी मागत होता. डांगर आम्हा दोघींच्या मांडीवर आडवा. अक्कांच्या पांढऱ्या लुगड्याला लाळ लागत होती. मी मनात तुम्हाला शिव्या देत होते. खरंच देत होते. इतकं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, दाढ गेली, तरी डबा. आणि आता तुम्ही निघून गेलात आणि हा माझ्या मांडीवर. हा मेला तर मी तुम्हाला कधी माफ करणार नाही, असं मी पुलावर ठरवलं. रस्ता उकरून ठेवलेला, रिक्षा गचके खात चाललेली, आणि प्रत्येक गचक्याला अक्का त्याचं डोकं हाताने धरत होत्या.

डॉक्टर तेच. त्यांनी पोट दाबून बघितलं, म्हणाले, अजून वरच आहे असं वाटतंय, खाली उतरलं तर पोट उघडावं लागेल. उलटी व्हायचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, वाट बघा. आम्ही व्हरांड्यात फरशीवर बसलो. अक्कांनी डांगरचा पंजा हातात घेतला होता, स्वतःला ते कळलं नसावं. त्या म्हणाल्या, तुम्ही लहान असताना एकदा चिंचोका गिळला होतात आणि तुमच्या पोटात झाड उगवेल म्हणून त्या रात्रभर रडल्या होत्या. मला हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. इतक्या दिवसांनी, कुत्र्याच्या दवाखान्यात.

तेवढ्यात डांगरला उलटी झाली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी सगळं बाहेर. दोऱ्याचे गुंते, कोणाच्या तरी चपलेचा अंगठा, आणि चकतीचा तो अर्धा तुकडा. त्याने अंग झाडलं आणि शेपटी हलवली. वाचला, अहो. तुमचा हिरो वाचला.

डॉक्टरांनी तुकडा चिमट्याने उचलून नळाखाली धरला, उलटसुलट केला. "हे यंत्राचं चामडं," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं तुम्हाला. हे कोणी दिलं याला?"

अक्का पुढे वाकल्या. आपल्याकडे राहायला आल्या की तुम्हाला जेवणाचा डबा द्यायला जिनमध्ये जाऊन त्यांनीही ते यंत्र कितीदा बघितलेलं. "हाई तं जिनमाधली शे," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "मना भाऊनी दियेल शे हाई?"

बघा, कसा क्षण आला होता. इतक्या वर्षांचा वाद, आणि निकाल चिमट्यात धरलेला. समोर डॉक्टर आणि शेजारी तुमची सख्खी बहीण, साक्षीदार. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी पुलावर सगळं जुळवून ठेवलं होतं, एकेक मुद्दा.

"नाही," मी म्हटलं. "ते कशाला देतील? त्यांनी तर केव्हाच बंद केलं होतं. यानेच कुठून तरी उकरून काढली असेल."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मला थांबता येईना. मी म्हटलं, "उलट तेच मला सांगायचे, नख दाबून बघ, नख रुतलं पाहिजे. तोंडात मावेल असं लहान देऊ नको. दोरीचं देऊ नको. झिजलं की फेक, जीव लावू नको वस्तूला. दाताला स्पेअर मिळत नाही, म्हणायचे."

"बरोबर म्हणायचे," डॉक्टर म्हणाले.

"मना भाऊले बठ्ठं समजे," अक्का म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले, आणि मग त्याच पदराने डांगरचं तोंड.

परत येताना डांगर थकून झोपला होता. पुलावर आल्यावर अक्का म्हणाल्या, "इतला जीव लाईसन पाळा त्याले मना भाऊनी. मी कसाले लई जाऊ आते?" मी म्हटलं, "राहू दे का मग?" त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तुले बी कोनी पाहिजे." एवढंच. त्यांच्या हातावर हात ठेवावा असं वाटलं, आणि आज मी ठेवला.

घरी आल्या आल्या तो डबा मी स्वतः घंटागाडीत टाकून आले. काहीही विशेष वाटलं नाही. अक्कांनी भाकरी दुधात कुस्करली, रबराच्या खेळण्यात ठासून भरली आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. खेळणं दोन्ही हातांनी धरून त्याच्या तोंडासमोर ठेवलं, सोडलं नाही. डॉक्टर 'समोर बसून द्या' म्हणाले होते त्याचा अर्थ मी दुरून लक्ष ठेवणं असा घेतला होता. डांगरने हुंगलं, चाटलं, आणि मग एका बाजूने, राहिलेल्या दाढांनी, चावायला लागला. कितीतरी वेळ चावत होता. चपला स्वयंपाकघरात होत्या, त्याने तिकडे पाहिलंही नाही.

आत्ता हे लिहिते आहे तेव्हा ओट्यावर शिरपूरची मंडळी बसली आहेत. खिडकीतून मला सगळं दिसतं. अक्का पल्लवीने मागवलेलं एकेक खेळणं हातात घेतात, अंगठ्याचं नख दाबतात, ज्यात रुततं ते एका बाजूला ठेवतात, रुतत नाही ते दुसऱ्या बाजूला टाकतात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "मना भाऊ सांगे, नख रुतनं पाहिजे. दातले स्पेअर नही मियत." शिरपूरचे काका मान डोलावतात. "हुशार माणूस होता," म्हणतात. कोणी म्हणतं, आमच्या कुत्र्यालाही असंच बघून घेऊ. माझं एकेक वाक्य तुमच्या नावावर गावभर जातं आहे. दहाव्याच्या आत तुम्ही या विषयातले जाणकार झालात.

होऊ दे. मीच केलं आणि मला त्याचं दुःख नाही. तुमच्यामागे कोणी तुम्हाला नावं ठेवलेली मला चालत नाहीत, हे मलाही आज कळलं. ती नावं मी ठेवणार, तोंडावर, घरात, रोज. तो हक्क मी दुसऱ्या कोणाला दिलेला नाही.

फक्त एक आहे. सगळा गाव आज माझं म्हणणं मानतो आहे, आणि मला ते ज्या एका माणसाकडून ऐकायचं होतं तो इथे नाही. जास्त नको होतं हो मला. चप्पल घालता घालता, मागे न बघता का होईना, "तुनं बरोबर शे" एवढं म्हणून मग गेला असतात तरी चाललं असतं.